टेस्टमध्ये आधी इंट्रोव्हर्ट आले आता एक्स्ट्रोव्हर्ट, मी नक्की कोण?

गराडूप्रेमी: ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये ती सोळा टाइपवाली पर्सनॅलिटी टेस्ट करवून घेतली, तेव्हा आयएनएफजे आलं, म्हणजे पहिलं अक्षर आय, इंट्रोव्हर्ट, आपल्यातच रमणारी. परवा घरी परत दिली तर ईएनएफजे, म्हणजे ई, एक्स्ट्रोव्हर्ट, माणसांत रमणारी! आई म्हणते तू लहानपणापासून घुमीच, पण मावसभावंडांबरोबर इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत गेले की भुट्ट्याचा कीस खाता खाता रात्री एकपर्यंत माझंच तोंड चालू असतं आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये मात्र शब्द फुटत नाही. साहेब म्हणाले तू इंट्रोव्हर्ट, क्लायंटसमोर नको. ह्या टेस्टला अर्थ आहे का काही?

पलासियाकर काका: राशिभविष्य गं ते. 1948 मध्ये फोरर नावाच्या प्राध्यापकाने वर्गातल्या 39 मुलांची टेस्ट घेतली आणि सगळ्यांना गुपचूप एकच वर्णन वाटलं, तेही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. मुलांनी 5 पैकी सरासरी 4 च्या वर मार्क दिले, म्हणे अगदी आमचंच वर्णन!

सायकॉलॉजीवाली: काका, अगदीच तसं नाही हो. मूळ कल्पना कार्ल युंगची, 1921 ची, त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स ह्यांनी ही मायर्स-ब्रिग्ज टेस्ट बनवली. घोळ असा की बहुतेक लोक मधेच कुठेतरी असतात आणि ही टेस्ट बरोब्बर मधे रेघ मारते, दोनतीन उत्तरं बदलली की अक्षर बदललं. बिग फाइव्ह म्हणून स्वभावाचे पाच गुण मोजणारी दुसरी टेस्ट आहे, तिच्यात निदान कुठला गुण किती ते तरी कळतं. आणि गराडूप्रेमी ताई, साहेबांना सांग, कामं वाटायला ही वापरू नका असं ती विकणारी कंपनीच सांगते. तू एक कर, दोन्ही वेळी कुठली उत्तरं बदलली ते बघ, आणि उत्तर देताना डोळ्यासमोर कोण होतं ते आठव. टाइपपेक्षा तेच कामाचं.

गराडूप्रेमी: बघितलं ताई. "नवीन लोकांमध्ये गप्प असता का" ह्याला ऑफिसात हो म्हटलेलं, घरी नाही, कारण आदल्याच दिवशी भावाच्या सासरची मंडळी आली होती, सगळी नवीनच, आणि मी मस्त बोलत होते. मग मीटिंगमधले तर सगळे ओळखीचे! खरं सांगू, साहेब माझं वाक्य अर्ध्यात तोडतात, दोनतीनदा झालं तेव्हापासून मी तोंडच उघडत नाही.

पलासियाकर काका: मग टेस्ट साहेबांची घ्या भिया 😄