मदत हवी आहे: १६०० वॅट आणि १५० वॅट, सक्शन मात्र सारखंच? कोणता व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा (सांगली)

विश्रामबागकर

घर ९०० चौरस फुटांचं, सगळीकडे व्हिट्रिफाइड लाद्या. एक सोफा, दोन कापसाच्या गाद्या, खिडक्यांना डासांच्या जाळ्या, खाली एक छोटी गाडी. स्वयंपाकघरात १ एचपीची घरघंटी आहे, तिच्याभोवती पीठ बसतं. शिवाय ऊसतोडीच्या दिवसांत आजूबाजूला पाचट पेटलं की गॅलरीभर काजळी. बजेट १० हजार.

दुकानांतून तीन भाव मिळालेत. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडे जाते.

अ) कोरड्या कचऱ्याचा, चाकांवर ओढायचा. १२०० वॅट, कापडी पिशवी, ४,८०० रुपये.
ब) ओला-सुका ड्रमवाला. १६०० वॅट, २१ किलोपास्कल, २० लिटर, ब्लोअरसकट ७,९०० रुपये.
क) बिनवायरचा दांड्याचा. १५० वॅट, २२ किलोपास्कल, बॅटरी २२.२ व्होल्ट २२०० एमएएच, "३० मिनिटं चालतो", ९,५०० रुपये.

क ची मोटर ब च्या दहाव्या हिश्शाची, तरी सक्शन एक किलोपास्कलने जास्तच लिहिलंय. दोघांतला एक खोटं बोलतोय का?

वायंडिंगवाला

दोघंही खरं बोलतायत, फक्त अर्धं.

वॅट म्हणजे मशीन मीटरमधून किती वीज घेतं तो आकडा. त्यातली बरीचशी उष्णता आणि आवाजात जाते. किलोपास्कल मोजतात ते पाइपचं तोंड पूर्ण बंद करून. २१ किलोपास्कल म्हणजे साधारण २.१ मीटर उंच पाण्याचा स्तंभ ओढून धरेल एवढी ताकद. पण तोंड बंद असताना आत हवा शिरतच नाही, आणि कचरा वाहून नेते ती हवा. तिसरा आकडा हवेच्या प्रवाहाचा, सेकंदाला किती लिटर. तो खोक्यावर क्वचितच छापतात.

ढोबळ हिशोब असा: बंद तोंडाचा दाब गुणिले उघड्या तोंडाचा प्रवाह, भागिले चार. उत्तर येतं ते कचरा उचलायच्या कामी येणारे जास्तीत जास्त वॅट. ब चा प्रवाह सेकंदाला ३५ लिटर धरला तर २१,००० × ०.०३५ ÷ ४ = सुमारे १८४. क च्या १५० वॅटमधून ४० टक्के काम हाती लागलं, आणि ते बऱ्यापैकी झालं, तरी ६०. त्यातून उलटा हिशोब केला तर त्याचा प्रवाह सेकंदाला ११ लिटर निघतो. दाब सारखा, हवा तिसऱ्या हिश्शाची.

म्हणून जास्त वॅटचाच घ्या असंही नाही हं. युरोपात घरगुती व्हॅक्यूमवर सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा आहे, आणि तिथले गालिचे आपल्या लाद्यांपेक्षा कितीतरी अवघड. पंखा, पाइप, फिल्टर नीट बसवले असतील तर ९०० वॅट पुरतात. आपल्याकडे मोठा आकडा खोक्यावर शोभतो म्हणून छापतात. मशीनच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवरचे वॅट वाचा, खोक्यावरचे "कमाल" वॅट सोडून द्या.

बेदाणा

क च्या ३० मिनिटांचा हिशोब. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास, म्हणून २२.२ × २.२ = जवळपास ४९ वॅट-तास. १५० वॅटने भागलं की १९ मिनिटं, तीही बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होऊ दिली तर. तेवढी ती होऊ देत नाहीत. पूर्ण जोरावर १५-१६ मिनिटं धरा. ३० मिनिटं मिळतात ती हळू वेगावर, आणि त्या वेगात गादीतली धूळ जागची हलत नाही. वर बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. बदली बॅटरीची किंमत आजच विचारा आणि ती मिळते का तेही. रोज सकाळी झाडूऐवजी फिरवायला क चांगला, गाडी आणि गाद्यांसाठी नाही.

विश्रामबागकर

आकडे पटले. मग प्रवाह कळणार कसा? दुकानदार "सक्शन एक नंबर" याच्यापुढे जात नाही.

वायंडिंगवाला

पिंपात घालतात ती मोठी प्लास्टिकची पिशवी बरोबर न्या, २०० लिटरची. हवेने फुगवा, तोंड पाइपभोवती मुठीत घट्ट धरा, मशीन चालू करा आणि पिशवी चपटी व्हायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. सेकंदाला ३० लिटर ओढणारा सहा-सात सेकंदांत संपवतो, ११ लिटरवाल्याला अठराच्या आसपास लागतात. आकडा नेमका येणार नाही, पण एकाच पिशवीने तिन्ही मशीन मोजली की तुलना खरी होते. दुकानदार हसेल, हसू दे.

दुसरी चाचणी रांगोळीची. अर्धी वाटी रांगोळी लादीच्या सांध्यावर पसरून ओढायची आणि मशीनच्या मागच्या झरोक्यावर टॉर्चचा झोत टाकायचा. झोतात कण तरंगताना दिसले तर फिल्टर गळतोय किंवा झाकणाचं रबर नीट बसलेलं नाही. मग खोक्यावर हेपा लिहिलेलं असो नाहीतर नसो. हेपा एच-१३ फिल्टर ९९.९५ टक्के बारीक कण अडवतो हे खरं, पण हवा त्याच्यातून गेली तर. फटीतून गेली तर काय अडवणार?

मिरज जंक्शन

अ आणि ब मधला सगळ्यात मोठा फरक दुकानात कुणी सांगत नाही. अ सारख्या कोरड्या मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरवरून जाते आणि मोटर थंड ठेवते. पिशवी भरली, मोजा अडकला की हवा थांबते आणि मोटर तापते. आवाज चढतो तेव्हा लोकांना वाटतं मोटरवर लोड आला. उलट आहे: ढकलायला हवाच नसल्याने पंखा मोकळा फिरतो, वेग वाढतो, फक्त थंडावा बंद. आतला थर्मल कटआउट मग मशीन बंद पाडतो. अर्धा-पाऊण तास थांबून अडथळा काढला की बहुधा पुन्हा चालतं. तेवढ्यासाठी सर्व्हिसवाल्याला बोलावू नका.

ओल्या-सुक्यात मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणून ड्रम तुंबला तरी ती इतक्या लवकर भाजत नाही. धुळीसाठी मला ब बरा वाटतो तो याच कारणाने, वॅटमुळे नाही.

बेदाणा

पिठाबद्दल. व्हॅक्यूमला काजळीपेक्षा पिठाचा त्रास जास्त. बारीक पीठ कापडाच्या विणीत बसतं, पाच मिनिटांत सक्शन निम्मं. घरघंटीभोवतीचं पीठ आधी कोरड्या कुंच्याने सुपलीत घ्या, उरलेलंच मशीनने ओढा, आणि त्या दिवशी ड्रम पूर्ण कोरडा हवा. आदल्या दिवशी पाणी ओढलं असेल आणि ओल राहिली असेल तर आत कणीक मळली जाते, फिल्टरला चिकटते आणि दोन दिवसांत वास मारते. फिल्टर घराबाहेर झटका, धुतला तर २४ तास सावलीत वाळवा. ओला फिल्टर बसवून मशीन लावणं हा मोटर घालवायचा हुकमी मार्ग.

काजळी हलकी आणि तेलकट असते. लादी आधी पुसली की काळे फराटे उठतात. आधी मऊ केसांचा गोल ब्रश लावून, न घासता, वरच्यावर ओढून घ्या, मग ओलं फडकं. आणि गरम राख, मग ती चुलीची असो की बंबाची, कुठल्याच मशीनने ओढू नका.

कोयनाकाठ

गाद्यांसाठी: कापसाच्या गादीचं कापड पाइपच्या तोंडात शोषलं जाऊन चिकटतं. पाइपच्या मुठीवर सरकती खिडकी असते, ती अर्धी उघडी ठेवा आणि सोफ्याचा छोटा ब्रश वापरा. अशी खिडकी नसलेलं मशीन असतं, दुकानात बघून घ्या.

प्लगचंही बघा. १६०० भागिले २३० म्हणजे जवळजवळ ७ अँपिअर. भिंतीवरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा. काही ड्रमवाल्यांना तरीही लहान पिना असतात, मग सॉकेट पिवळा पडतो. १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. गाडीसाठी एक्स्टेंशन लागलं तर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून. गुंडाळलेली ठेवली तर तापून वितळते.

आयर्विनखालचा

अवांतर विचारतो, पण सांगलीत हा प्रश्न येणारच. ओल्या-सुक्याने पुराचं पाणी काढता येईल का?

वायंडिंगवाला

नाही. १२० चौरस फुटांच्या खोलीत एक इंच पाणी म्हणजे १० घनफूट, २८३ लिटर. २० लिटरचा ड्रम किमान १४ वेळा ओतावा लागेल, आणि पाणी वर चढलं की हवा अडवणारा आतला तरंगता बॉल त्याआधीच हवा बंद करतो म्हणून खरं तर १७-१८ वेळा. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तिथे हे मशीन म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. पाण्याला सबमर्सिबल पंप, गाळाला फावडं. व्हॅक्यूम शेवटी, कोपऱ्यातलं राहिलेलं पाणी टिपायला, आणि तेही वायरिंग तपासून घेतल्यावर.

पाणी ओढताना कागदी किंवा कापडी फिल्टर काढून फोमचा बसवायचा. साबणाचं पाणी मात्र ओढू नका: बॉल पाण्यावर तरंगतो, फेसावर नाही. फेस सरळ मोटरमध्ये जातो.

विश्रामबागकर

ब पक्का होतोय. सर्व्हिस आणि सुट्या भागांचं काय बघू?

मिरज जंक्शन

दुकानदाराला विचारू नका. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तुमचा पिनकोड सांगा: माणूस घरी येतो का, कोल्हापूरहून येत असेल तर येण्याचे वेगळे पैसे का, मशीन आपण नेऊन द्यायचं का. वॉरंटी मोटरवर असते, पाइप, ब्रश, फिल्टर बहुधा तिच्यात धरत नाहीत. पाइपचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजून लिहून ठेवा, ३२ आणि ३५ मिलिमीटरचे ब्रश एकमेकांना बसत नाहीत.

वायंडिंगवाला

मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) बाहेरून बदलता येतात का तेही विचारा. मशीन अधूनमधून बंद पडतंय, आत निळसर ठिणग्या जास्त दिसतायत, जळका वास येतोय, तर आधी कार्बन बघायचे. तो किरकोळ खर्च. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळलं तर मात्र रिवाइंड करत (तारा नव्याने गुंडाळत) बसू नका. या मोटरी मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेतात, बॅलन्सिंगशिवाय रिवाइंड केलेली मोटर थरथरते आणि बेअरिंग घालवते. अख्खी मोटर बदलणं परवडतं.

भावाबद्दल: एमआरपीत १८ टक्के जीएसटी धरलेलाच असतो. "बिल हवं असेल तर टॅक्स वेगळा" म्हणाला तर दुसरं दुकान. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. आणि घासाघीस करायचीच तर शंभर-दोनशे रुपयांसाठी करू नका, एक जादा कापडी फिल्टर आणि एक फोम मागा. तुमच्याकडे घरघंटी आहे, एक वाळत असताना दुसरा लागणारच.