शेरीफच्या निवडणुकीत शेरिडन यांचा मागचा हिशेब विचारायचा की नाही?

रेवती_चॅन्डलर

मागच्या आठवड्यात मतपत्रिका घरी आली. यंदा, म्हणजे २०२४ मध्ये, ती दोन कागदांची आहे. वरचे गोल भरून झाले, पण शेरीफच्या ओळीपाशी पेन अडलं ते चार दिवस झाले तिथंच आहे. म्हणून इथे लिहितेय.

भारतातल्यांसाठी थोडक्यात सांगते. मुंबईचा शेरीफ हे मानाचं पद आहे, इथलं तसं नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या आमच्या मॅरिकोपा काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, वस्ती ४५ लाखांच्या आसपास. शेरीफ तिचे तुरुंग चालवतो, वॉरंट बजावतो आणि ज्या गावांना स्वतःचे पोलीस नाहीत तिथे गस्त घालतो. दर चार वर्षांनी लोक त्याला निवडतात. यंदा डेमोक्रॅट टायलर कॅम्प आणि रिपब्लिकन जेरी शेरिडन समोरासमोर आहेत.

शेरिडन हे जो आर्पायो यांचे चीफ डेप्युटी, म्हणजे खात्यातले दोन नंबरचे अधिकारी होते. आर्पायो १९९३ ते २०१६ शेरीफ होते. फिनिक्सच्या उन्हाळ्यात कैद्यांना तंबूत ठेवणारे ते हेच. पण माझा प्रश्न तंबूंचा नाही, मेलेन्द्रेस खटल्याचा आहे. २००७ मध्ये केव्ह क्रीकला शेरीफच्या माणसांनी एक गाडी थांबवली. आत बसलेला मेक्सिकन माणूस पर्यटक व्हिसावर आला होता आणि व्हिसा वैध होता. तरी त्याला बेड्या घालून काही तास अडकवून ठेवलं. पुढे त्याच्याच नावानं खटला झाला. डिसेंबर २०११ मध्ये न्यायाधीश मरे स्नो यांनी मनाई हुकूम दिला की केवळ बेकायदा राहत असल्याच्या संशयावरून कुणाला अडवायचं नाही. त्यानंतरही जवळजवळ दीड वर्ष तेच चालू राहिलं. मे २०१३ च्या निकालात लॅटिनो लोकांना वंशावरून लक्ष्य केलं जात होतं हे सिद्ध झालं, आणि मे २०१६ मध्ये आर्पायो आणि शेरिडन दोघांनाही न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. हुकूम आपल्याला माहीतच नव्हता, असं शेरिडन यांनी साक्षीत सांगितलं होतं. न्यायाधीशांनी ते खरं मानलं नाही.

आपल्यापैकी कितीजण गाडीत व्हिसाच्या कागदांची झेरॉक्स ठेवतात? आमच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ती नऊ वर्षं होती, झिप लावलेल्या पिशवीत, घड्या पडून मधोमध फाटलेली. सिटिझन झाल्यावरही ती काढायला माझा हात धजला नाही. त्या माणसाकडेही कागद होते. म्हणून मला वाटतं, हा हिशेब विचारल्याशिवाय मत देऊ नये.

गिल्बर्टचा_दत्ता

रेवतीताई, तुमचा मुद्दा मनापासून आहे हे कळतं, पण चित्र अर्धंच मांडलंय.

एक तर तो दिवाणी अवमान होता. फौजदारी अवमानाचा खटला २०१७ मध्ये आर्पायो यांच्यावर चालला, ते दोषी ठरले आणि ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. शेरिडन यांच्यावर असा खटला झाला नाही. दुसरं, २०२० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, आर्पायो पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांना हरवलं कुणी? शेरिडन यांनीच. मग त्यांना आर्पायोंची सावली कसं म्हणायचं?

आणि आर्पायोंनंतर शेरीफ झालेल्या पेन्झोन यांचं काय? २०१६ मध्ये सुधारणांचं नाव घेऊन आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायाधीशांनी, त्याच खटल्यात, त्यांनाही अवमानाबद्दल दोषी धरलं. डेप्युटींविरुद्धच्या, म्हणजे शेरीफच्या पोलिसांविरुद्धच्या, तक्रारींच्या चौकशा वर्षानुवर्षं तुंबल्या होत्या. मुदत संपण्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये, ते पद सोडून गेले. तेव्हा इथे कुणी धागा काढला नव्हता.

माझी ग्रीन कार्डची रांग अकरा वर्षं चालली. आईच्या आजारपणात जाता आलं नाही, कारण व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकलो असतो. जो नियम पाळून थांबला त्याला, कायदा राबवायला निघालेल्या माणसाबद्दल सहानुभूती वाटली तर ती चूक आहे का? आणि खात्यात माणसं टिकत नाहीत. या खटल्यातल्या हुकमामुळे प्रत्येक थांबवलेल्या गाडीमागे डेप्युटीला इतके तपशील भरावे लागतात की गस्त घालायला वेळ उरत नाही. हे थांबवणारा कुणीतरी हवाय.

रेवती_चॅन्डलर

दत्तादादा, पेन्झोन यांचा मुद्दा मान्य, अगदी पूर्ण मान्य. मी २०२० मध्ये त्यांना मत दिलं होतं आणि २०२२ ची बातमी आली तेव्हा गप्प बसले. ते चुकलंच.

पण दोन अवमानांत फरक आहे. एकाला ठरवून दिलेलं काम वेळेत जमलं नाही. दुसऱ्याच्या खात्याला जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच चालू राहिलं. शिवाय २०१३ च्या निकालानंतर खात्यातल्या एका बैठकीत, हाताखालच्या डेप्युटींसमोर, शेरिडन यांनी त्या हुकमाची हेटाळणी केली. त्याची चित्रफीत आहे. न्यायाधीशांनी बोलावून सुनावलं ते त्यामुळेच. समोर बसलेल्या पोरांनी त्या दिवशी काय शिकावं?

तुमच्या अकरा वर्षांबद्दल एक शब्दही वावगा बोलणार नाही. आमची नऊ गेली. पण त्या गाडीतल्या माणसानंही नियम पाळलाच होता ना? ग्वादलुपे तर आपल्यापासून किती लांब? तिथे बरीच वस्ती याकी या मूळनिवासी जमातीच्या लोकांची आहे, पिढ्यान्पिढ्या इथलेच नागरिक. एप्रिल २००८ मध्ये शेरीफनं त्या एवढ्याशा गावात दोन दिवस धरपकडीची मोहीम काढली, डोक्यावर हेलिकॉप्टर. त्यांच्या कुणाच्या कागदांत काय कमी होतं?

निवृत्त_फौजदार_सातारा

मुलगी मेसाला असते, तिच्यामुळे हे वाचतोय. तेहतीस वर्षं महाराष्ट्र पोलिसात काढली, तेवढ्या भांडवलावर दोन शब्द.

पोलिसांचा प्रमुख मतांवर निवडावा हेच मला पटत नाही. मतं मागायची म्हटल्यावर हात बांधले जातात. मग तो लोकांना दिसेल अशी कारवाई करतो. शांतपणे करायचा तपास मागं पडतो. तुमच्या इथंच बघा ना. एल मिराजमध्ये २००५ ते २००७ या काळात लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी नीट तपासल्याच गेल्या नाहीत. सगळ्या काउंटीत मिळून ४०० च्या वर प्रकरणं होती. आर्पायो यांनी २०११ मध्ये माफी मागितली. लहान मुलांच्या तक्रारी धूळ खात पडल्या आणि साहेबांच्या मोहिमा टीव्हीवर. तपासाचं काम कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून ते आधी मरतं.

आता "हुकूम माहीतच नव्हता" या सबबीविषयी. आम्हालाही वरून आदेश यायचे. माझ्या पहिल्या ठाणेदारांनी एक गोष्ट शिकवली. तोंडी आदेश आला की स्टेशन डायरीत नोंद घ्यायची. नोंद घेतोय म्हटलं की निम्मे आदेश मागे घेतले जातात. १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकाला कळवा, वैद्यकीय तपासणी करा. न पाळणारा अधिकारी खातेनिहाय कारवाईला पात्र, वर न्यायालयाचा अवमान. ते कलमवार लिहिलेले बोर्ड आमच्या ठाण्यात भिंतीवर लागले. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय कुणालाच उरली नाही, हवालदारालासुद्धा. मग खात्याचा दोन नंबरचा माणूस ते कसं म्हणतो?

दत्ता, कागदपत्रं भरण्याचा त्रास खरा आहे, तो मी भोगलाय. पण तो आला कशातून, हे विसरू नका.

गिल्बर्टचा_दत्ता

काका, नमस्कार. एल मिराजचं प्रकरण भयंकर आहे, त्यावर वाद नाही. पण ती प्रकरणं दडपली गेली तेव्हा शेरिडन चीफ डेप्युटी नव्हते. जे दुसऱ्याच्या हाताखाली घडलं ते त्यांच्या खात्यावर टाकू नका एवढंच म्हणणं.

अवमानाचं मी नाकारत नाही. पण माणूस शिकतो की नाही? २०१३ चा बैठकीतला माणूस २०२४ मध्ये तोच असेल असं धरून चालायचं का? चार दशकांच्या आसपास नोकरी झालेल्या माणसाला तुरुंगाचा कोपरान्‌कोपरा माहीत असतो. कॅम्प फिनिक्स शहराच्या पोलिसातले आहेत. हजारो कैद्यांचा तुरुंग चालवणं वेगळं काम आहे.

आणि खर्चाचं तुम्ही कुणी काढलं नाही म्हणून मीच काढतो. या खटल्यापायी काउंटीचे २० कोटी डॉलरच्या वर गेले असं सांगतात. यातला किती पैसा खरंच देखरेखीवर गेला आणि किती खात्याची नेहमीची खरेदी त्यात घुसवली, हे कुणी तपासलंय? हुकूम पाळला जातो का हे बघायला न्यायालयानं मॉनिटर नेमून दहा वर्षं झाली. कुठेतरी शेवट हवा.

माधुरी_पिओरिया

दत्ताभाऊ, शेवट हवा हे बरोबर, पण तो न्यायालय करणार, शेरीफ नाही. हुकूम पाळला की देखरेख उठते. मग ज्याच्यावर तोच हुकूम न पाळल्याचा ठपका आहे, त्याच्या हातात किल्ल्या दिल्यावर ती लवकर उठेल की उशिरा?

पैशाबद्दल आणखी एक. २००७ मध्ये एका साप्ताहिकाच्या दोन मालकांना शेरीफच्या लोकांनी रात्री घरून उचललं, कारण त्यांनी खात्याविरुद्ध छापलं होतं. २०१३ मध्ये काउंटीनं त्यांना साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. तो पैसा माझ्या घरपट्टीतून गेला.

२०१६ ची आठवण करून देते. त्या रात्री ट्रम्प ही काउंटी जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवर आर्पायो हरले. म्हणजे कित्येक रिपब्लिकन लोकांनी वर एक गोल भरला आणि खाली दुसरा. पक्ष न सोडता हिशेब मागता येतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी तसंच केलं होतं, आयुष्यभराचे रिपब्लिकन.

गिल्बर्टचा_दत्ता

तडजोडीचं माहीत होतं, आकडा माहीत नव्हता.

माझं मत अजून शेरिडन यांच्याकडे झुकलेलं आहे, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या शनिवारी आमच्या भागात त्यांची भेटीगाठींची सभा आहे आणि मी जाणार आहे. काकांचा डायरीचा मुद्दा तिथे विचारीन. डिसेंबर २०११ चा हुकूम तुमच्या टेबलावर कधी आला, आणि आल्यावर तुम्ही खाली कुणाला लेखी कळवलंत? उत्तर जसं मिळेल तसं इथे टाकतो. कॅम्प यांनाही कुणीतरी विचारा, चौकशांचा साठा किती महिन्यांत संपवणार आणि तुरुंग चालवणारी माणसं कुठून आणणार. नाहीतर प्रश्न फक्त एकालाच विचारले असं होईल.

रेवती_चॅन्डलर

कॅम्प यांना मी विचारते, आज रात्रीच ईमेल करते. तुमचं उत्तर येईपर्यंत पाकीट बंद करणार नाही. फक्त दादा, टपालानं पाठवायची तर मतदानाच्या आठवडाभर आधी टाका म्हणतात, तेव्हा शनिवारचं रविवारी लिहा.