मदत हवी आहे: शाळेचं फिरतं गांडूळखत पिंप, गांडुळं आत टिकत नाहीत

शेवटचा_बाक
नमस्कार. आम्ही नववीतले सहा जण शाळेसाठी फिरतं गांडूळखत पिंप बनवतोय. पिंप तयार झालं, गांडुळं सोडली, आणि चौथ्या दिवसापासून ती झाकणाच्या कडेला येऊन चिकटतात. काही तर भोकांतून बाहेर पडून खाली फरशीवर वाळून जातात. वासही येतोय. बारा दिवसांवर विज्ञान प्रदर्शन आलंय. गांडुळं आत थांबावीत म्हणून काय करायचं ते प्लीज लवकर सांगा. थोडे दिवस वाट बघा असं सांगू नका, तेवढे दिवसच नाहीत.

मातीचे_हात
पिंप केवढं आहे? गांडुळं कोणती आणि कुठून आणली? तळाला काय अंथरलंय? कचरा कोणता, किती? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस, मग सांगणार काय? वास कसला तेही लिही. सडका, की नाकात झोंबणारा?

वेल्डिंगवाला
पिंप आडवं आहे की उभं? आस आरपार घातली आहे का? आरपार असेल तर आधी ती काढा. ओला लगदा आसेला गुंडाळला जातो आणि काही दिवसांत हँडल हलेनासं होतं. पिंपाखाली चार रोलर लावा, त्यावर पिंप फिरवा. मी असे तीन सांगाडे करून दिले आहेत, एकाचीही तक्रार नाही.

कुंडीप्रेमी
खत तयार झालं की नुसत्या खतात रोप लावू नका हं. एक भाग गांडूळखत आणि तीन-चार भाग माती पुरे. बी रुजवायला त्याहून कमी. मी सुरुवातीला भरभरून घातलं होतं, कुंडीत पाणी साचून राहायचं आणि रोपं पिवळी पडली.

शेवटचा_बाक
गांडुळं कोणती म्हणजे? गांडुळंच आहेत. निम्मी एका गांडूळखतवाल्या काकांनी दिली, निम्मी आम्ही मैदानाच्या कडेची ओली माती खणून काढली. पिंप ६० लिटरचं, निळं, प्लास्टिकचं, आडवं. मधून लोखंडी पाइप, एका टोकाला हँडल. भाज्यांची आणि फळांची सालं पहिल्याच दिवशी निम्म्याच्या वर भरली, शाळेत ढीग पडला होता. वास झोंबणारा आहे. आता सांगा ना.

मातीचे_हात
आता चित्र दिसायला लागलं. पहिली गोष्ट, मैदानातली गांडुळं आजच परत सोड. संध्याकाळी, ओलसर सावलीच्या जागी. सगळी गांडुळं सारखी नसतात. काही जमिनीत खोल बिळं करून माती खातात, त्यांना कचऱ्याच्या ढिगात राहायचं नसतं. खतासाठी लागतात ती पृष्ठभागावरच्या कुजणाऱ्या पाल्यात राहणारी. बहुतेक जण आयसेनिया फेटिडा वापरतात, लालसर, अंगावर फिकट पट्टे असतात. काकांनी दिलेली बहुधा तीच असतील. तुझी मैदानातली तर पळणारच, त्यांचा दोष नाही.

दुसरं, पिंपाच्या मधोमध थर्मामीटर खुपस आणि आकडा सांग.

सदाफुली
झोंबणारा वास म्हणजे आंबटपणा वाढलाय. मूठभर चुना भुरभुरा आणि चांगलं फिरवून घ्या, दोन दिवसांत वास जातो. आमच्या खड्ड्यात नेहमी करतो.

विज्ञान_ताई
सदाफुली, कृपया हा सल्ला मागे घ्या. नाकात झोंबणारा वास अमोनियाचा असतो. ओल्या सालीतलं नायट्रोजन जास्त आणि सुका पाला, पुठ्ठा कमी झाला की तो सुटतो. त्यात चुना घातला तर अमोनिया आणखी जोराने बाहेर येईल. शिवाय गांडूळ त्वचेतून श्वास घेतं, ती त्वचा सतत ओलसर असते. तिच्यावर चुना पडला तर काय होईल याचा विचार करा. आंबटपणा खरंच असेल तर अंड्यांच्या कवचाची बारीक पूड चालते, ती सावकाश काम करते. इथे गरज आहे ती फाडलेल्या पुठ्ठ्याची.

सदाफुली
खड्ड्यात गांडुळं नव्हती आमच्या, फक्त कंपोस्ट होतं. हे खरं, ते लक्षात आलं नाही. चुना नको.

शेवटचा_बाक
मधोमध ४१ अंश! बाहेर वर्गात २९ आहे. थर्मामीटर बिघडलं असेल म्हणून दुसरं लावलं, तेही ४१. पिंप तर सावलीत आहे.

मातीचे_हात
सावलीचा संबंध नाही, कचरा आतून तापतोय. ताजा ओला कचरा एकदम भरला की जिवाणू कामाला लागतात आणि ढीग गरम होतो. मोठ्या कंपोस्टात ५५-६० पर्यंत जातो, तिथे ते हवंच असतं, रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. पण आयसेनियाला १५ ते २५ अंश मानवतं, ३५ च्या वर ती जगत नाहीत. ती झाकणाला चिकटतात कारण पिंपात त्यातल्या त्यात थंड जागा तीच. जीव वाचवायला धावताहेत ती.

एक राहिलं. पिंप दिवसातून किती वेळा फिरवता?

वेल्डिंगवाला
फिरवणं चांगलंच, आत हवा जाते. रोलरवर घेतलंत तर लहान मुलंसुद्धा एका हाताने फिरवतील.

शेवटचा_बाक
मोजलं नाही. मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गांतली मुलं येतात, रांग लागते. पाचवीची मुलं तर परत परत रांगेत उभी राहतात. रोज पन्नासेक फेऱ्या होत असतील. फिरवण्यासाठीच तर बनवलंय!

मातीचे_हात
पन्नास फेऱ्या! बाई गं. उद्या आतला माल एका गोणपाटावर ओत आणि हाताने बघ.

तर्कट
फिरवलं की गांडुळं मरतात असं सरसकट म्हणू नका. माझं आडवं पिंप तीन वर्षं चाललं. आठवड्यातून एकदा पाव फेरी, तीही हळू. गांडुळं होती, खतही झालं.

मातीचे_हात
पाव फेरी आणि पन्नास फेऱ्या यात फरक आहे की नाही? आणि तुमच्या पिंपात गांडुळं वाढली का? संख्या दुप्पट झाली का कधी? गांडुळांना थर लागतो. अन्न वर, विष्ठा खाली, आणि ती अन्नाकडे सरकत राहतात. दर आठवड्याला त्यांचं घर उलथंपालथं केलं तर तगून राहतील, पण भरभराट होणार नाही. फिरतं पिंप हे मुळात गरम कंपोस्टाचं साधन आहे. त्यात गांडुळं घालणं म्हणजे दोन वेगळी कामं एकाच डब्यात कोंबणं.

तर्कट
संख्या मोजली नव्हती. वाढली नसावी, दरवर्षी थोडी नवीन घालावी लागायची. पण ओला कचरा आधी गार होऊ दिला तर पिंपात गांडुळं जगतात, एवढं माझं म्हणणं कायम आहे.

निवांत
गांडुळांच्या मागे लागताच कशाला? काळ्या सैनिक माशीच्या अळ्या घ्या. त्या उष्णता सहन करतात, कचरा कितीतरी पटीने लवकर फस्त करतात. एकदा बघाच.

विज्ञान_ताई
मुलांनी गांडूळखताचा प्रकल्प नोंदवलाय, बारा दिवस राहिलेत. आता माशी आणायला सांगून त्यांना मदत कशी होणार?

शेवटचा_बाक
सगळं ओतलं. आत लिंबाएवढे गोळे झालेत, शंभरावर असतील. फिरून फिरून झाले असणार. एक फोडला तर आत काळं, चिकट, आणि इतका घाण वास की दोघी पळाल्या. गोळ्यात एकही गांडूळ नव्हतं. जिवंत सगळी पिंपाच्या भिंतीला लागून होती आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा चुकून पडला होता त्याच्या घडीत. घडी उघडली तर चाळीसेक एकमेकांत गुंतून बसलेली. ती एका टोपल्यात ओल्या पुठ्ठ्यात ठेवलीत. मेलेली किती ते मोजवलं नाही.

आता प्रकल्प बदलायचा का? फॉर्मवर 'फिरतं' असं लिहिलंय, ते बदलता येत नाही. आणि खरं सांगायचं तर फिरवण्यामुळेच शाळेतली मुलं कचरा आणून टाकायला लागली. ते काढलं तर कोणी येणार नाही.

विज्ञान_ताई
गोळ्याच्या आत हवा पोचत नाही, म्हणून बाहेर कंपोस्ट आणि आत सडवा. फिरवून हवा मिळते हे माल भुसभुशीत असेल तरच खरं. हे निरीक्षण वहीत तारीख घालून लिहा, फोडलेल्या गोळ्याचा फोटो लावा. तापमानाचे आकडेही. प्रदर्शनात मी याला पूर्ण गुण देईन.

मातीचे_हात
फिरणं काढू नकोस. आडव्या आसेवर फिरवू नका, जात्यासारखं फिरवा.

म्हणजे असं. गोल, उथळ, उभा डबा. आत मधोमधपासून कडेपर्यंत जाळीचे चार पडदे, म्हणजे चार खण झाले. जाळीची भोकं ८-१० मिलिमीटर, गांडूळ आरामात पलीकडे जाईल. झाकण जागेवर स्थिर आणि त्याला एकच तोंड. या आठवड्यात तोंडाखाली पहिला खण, तिथे कचरा टाकायचा. तो भरला की डबा पाव फेरी फिरवायचा, दुसरा खण तोंडाखाली. पहिल्यातलं अन्न संपत आलं की गांडुळं आपणहून जाळीतून दुसऱ्यात जातात. चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्यातलं खत काढण्याजोगं होतं आणि त्यात गांडुळं फारशी उरत नाहीत, निवडत बसावं लागत नाही. डबा फिरतो, पण आतला थर हलत नाही.

माझा असा फिरता नाही, लांबोडका आहे, पण खण-जाळीचं तत्त्व हेच, आणि ते चालतं.

वेल्डिंगवाला
हे सोपं आहे, वेल्डिंगचीही गरज नाही. जाड प्लायची गोल चकती, खाली पाच-सहा छोटी चाकं, मधे एक बोल्ट आणि मोठे वॉशर. चाकं न वळणारी घ्या आणि प्रत्येकाचा अक्ष बरोबर मध्याकडे रोखलेला हवा, नाहीतर चकती अडखळेल. प्लायला खालून-वरून रंग द्या, ओलीने फुगतं. निथळणारं पाणी झेलायचा ट्रे खाली ठेवा, चकतीवर नको. आडवं पिंपही फेकू नका, त्यातच कचरा आधी कुजवा.

तर्कट
हेच मी म्हणत होतो. पिंपात पंधरा-वीस दिवस आधी कुजवायचं, ताप उतरला की गांडुळांना द्यायचं. मुलांना पिंप फिरवायलाही मिळेल. फक्त निम्मा सुका पाला घाला, म्हणजे गोळे होणार नाहीत.

शेवटचा_बाक
चकती झाली. मधे बोल्ट बसवायला दोन तास गेले, चाकांच्या रेषा मध्यातून दोरा धरून आखल्या. आता पुठ्ठा किती ओला करायचा? आणि गांडुळं १५० च आहेत, जेमतेम. बारा दिवसांत, म्हणजे आता सातच, खत कसं दाखवणार?

मातीचे_हात
पुठ्ठा मुठीत दाबला की एक-दोन थेंब निघावेत, धार नाही. १५० गांडुळांना रोज मूठभरही नको. त्यांच्या वजनाच्या पाव भागापासून सुरू कर, आधीचं संपल्याशिवाय पुढचं देऊ नकोस. वरून ओला पुठ्ठा झाकायचा.

सात दिवसांत खत होत नाही, दोन-तीन महिने लागतात. ते होणार नाही हे मान्य करून टाक.

विज्ञान_ताई
गांडुळं दाखवायची असतील तर टॉर्चवर लाल कागद लावा. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, पांढऱ्या उजेडात लगेच आत शिरतात. आणि दोन्ही डबे शेजारी ठेवा, पहिला का फसला ते तापमानाच्या तक्त्यासह.

शेवटचा_बाक
फसलेलं दाखवायला सगळे तयार नव्हते, आता झालेत. टोपल्यातल्या पुठ्ठ्यावर पिवळट, लिंबाच्या आकाराचे बारीक दाणे दिसताहेत, मोहरीपेक्षा जरा मोठे. अकरा मोजले. अंडी आहेत का? नव्या डब्यात चमच्याने हलवली तर मरतील का?

मातीचे_हात
कोष आहेत ते! सुकू देऊ नकोस, तेवढंच. चमचा नको, पुठ्ठ्याच्या तुकड्यासकट उचल आणि पहिल्या खणात ठेव. साधारण तीन आठवड्यांनी फुटतील, त्याआधी रंग लालसर तपकिरी होईल. एकातून दोन-तीन पिल्लं निघतात, दोऱ्यासारखी, पांढरट.

कुंडीप्रेमी
ट्रेमध्ये जमणारं पाणी झाडांना घालायचं असेल तर दहापट पाणी मिसळा.

शेवटचा_बाक
ठेवले. पाचवीतल्या दोघांना रोज पुठ्ठा ओला आहे का ते बघायचं काम दिलंय, हँडलच्या रांगेत तेच सगळ्यात पुढे असायचे.