लिनक्स सर्व्हरवरच्या फाइल्स विंडोज, मॅक, उबुंटू तिन्हीकडून उघडायच्यात, काय वापरू?

भटका_कर्सर:
मंडळी, भाड्याचा लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर प्रोजेक्टच्या फाइल्स आहेत. मी विंडोजवर, एक जण मॅकवाला, तिसरा उबुंटूवाला. सध्या मी विनएससीपीने फाइल उतरवतो, बदलतो आणि परत चढवतो, आणि काल नेमकी जुनीच चढवली, दुसऱ्याचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं. मला सरळ ड्राइव्हसारखं दिसायला हवंय. सांबा (लिनक्सचे फोल्डर विंडोजसारखे नेटवर्कवर शेअर करणारा प्रोग्राम) टाक आणि त्याचा ४४५ पोर्ट उघड असं एकाने सांगितलंय, करू का?

खटपट्या:
नका हो!! ४४५ इंटरनेटवर उघडा ठेवायचा नसतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो ह्याच पोर्टवरून, पॅच मार्चमध्येच आला होता तरी कित्येकांनी टाकला नव्हता. ते भोक विंडोजच्या जुन्या एसएमबीत (फाइल शेअर करायच्या पद्धतीत) होतं, सांबात नाही, कबूल, पण तेव्हापासून ज्याला त्याला तोच पोर्ट ठोठावून बघायचा असतो. सांबाच हवा तर वायरगार्डच्या (हा एक व्हीपीएन) आत चालवा.
तुमच्याकडे एसएसएच (सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन) चालूच आहे ना? मग पोर्ट २२ वरच एसएफटीपी (एसएसएचमधूनच फाइल्सची ने-आण) होतं, वेगळं काही उघडायला नको. उबुंटूवाला फाइल मॅनेजरमध्येच पत्ता टाकेल, त्याचं काम तिथेच झालं. विंडोजवर आधी विनएफएसपी (असे ड्राइव्ह विंडोजला दाखवणारा ड्रायव्हर), मग एसएसएचएफएस-विन (सर्व्हरचा फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडणारा प्रोग्राम), की ड्राइव्हला अक्षर मिळतं. मॅकच्या फाइंडरला एसएफटीपी कळत नाही, तिथे हीच कामं करणारे मॅकफ्यूज आणि एसएसएचएफएस. नेट गेलं की अख्खी विंडो गोठते, म्हणून रिकनेक्टचा ऑप्शन लावा आणि सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल (किती सेकंदांनी कनेक्शन तपासायचं ते) १५ ठेवा.

खोडरबर:
वरचं बरोबर, पण त्याने कालचा घोळ थांबणार नाही. एसएसएचएफएसमध्ये एकाचं लॉक (फाइल वापरात असल्याची खूण) दुसऱ्या मशीनला कळतच नाही, दोघांनी एकच फाइल उघडली की शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहतं. टेक्स्ट फाइल्स असतील तर गिट (प्रत्येकाचे बदल नोंदवून एकत्र करणारं टूल) वापरा, बाकीच्यांसाठी आधी विचारायचं, "तू उघडलीयेस का?"

भटका_कर्सर:
ड्राइव्ह दिसायला लागला, थँक्स! पण एक विचित्र प्रकार. मॅकवाल्याने 'दुसऱ्या टप्प्याचा हिशोब' सेव्ह केली, ती उबुंटूवर नाव टाइप करून सापडत नाही, आणि फोल्डरमध्ये त्याच नावाच्या दोन फाइल्स दिसतायत. 'पहिल्या टप्प्याचा हिशोब' मात्र व्यवस्थित. डोकं फिरलंय.

खटपट्या:
हाहा, 'ऱ' ने खाल्लंय तुम्हाला. युनिकोडमध्ये (अक्षरांना कोड देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एकतर अख्खा एक कोड, नाहीतर साधा र आणि पुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब). पहिला ३ बाइट, दुसरा ६. मॅक नाव पाठवताना अक्षर फोडतो, लिनक्स फक्त बाइट बघतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. पहिल्या टप्प्यात ऱ नाहीये म्हणून ती वाचली.
सर्व्हरवर कॉन्व्हएमव्ही (फाइलच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारं टूल) टाका आणि एनएफसीचा (फोडलेली अक्षरं परत जोडायचा) ऑप्शन देऊन चालवा. नुसतं चालवलं तर काय बदलेल तेवढंच दाखवतं, नोटेस्ट दिलं की खरोखर बदलतं. त्याआधी जुळ्या फाइल्स उघडून खरी कोणती ते बघून घ्या. आणि मॅकवर ड्राइव्ह जोडताना एसएसएचएफएसचं आयकॉन्व्ह मॉड्यूल (नावांचं एन्कोडिंग आपोआप बदलणारं) लावा, नाहीतर उद्या परत हेच.

भटका_कर्सर:
चालवलं. ९ फाइल्स निघाल्या, नवांच्या नवांमध्ये ऱ. एकीचं नाव तर 'अपुऱ्या फाइल्स' होतं 😅