स्वतःपुरत्या नीतीला मराठीत काय म्हणावे : तत्त्व, नेम, वसा की पथ्य?

विचारणा (गंगापूर रोड, नाशिक)

माझी भाची पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला निबंधासाठी ‘माझे वैयक्तिक नैतिक तत्त्वज्ञान’ हा विषय मिळाला असून तिने लिहिलेली चार पाने माझ्याकडे तपासायला दिली आहेत. मजकूर मनापासून लिहिलेला आहे. एखाद्याच्या माघारी तेवढेच बोलावे जेवढे त्याच्या तोंडावर बोलता येईल. उसने घेतलेले मागायची वेळ येऊ न देता परत करावे. रागात लिहिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी वाचून मगच पाठवावे. वर्गात कोणाचा जातीवरून अपमान होत असेल तर गप्प बसू नये, अशा तिने स्वतःशी ठरवलेल्या गोष्टी त्यात आहेत. मात्र प्रत्येक परिच्छेदात ‘माझे नैतिक तत्त्वज्ञान असे सांगते की’ हे शब्द आले की लिहिणारी मुलगी दूर जाते आणि पाठ्यपुस्तक बोलू लागते. माणसाने विचार करून स्वतःसाठी ठरवलेली आणि रोज पाळलेली वागण्याची रीत, एवढा आशय पेलणारा रुळलेला मराठी शब्द कोणता? तत्त्व, मूल्य, नियम आणि व्रत यांत फरक कसा करावा, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (कॉलेज रोड)

‘तत्त्वज्ञान’ हा शब्द तिथून काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तत् अधिक त्व, म्हणजे ‘ते-पण’, वस्तूचे खरे स्वरूप. त्याचे ज्ञान ते तत्त्वज्ञान. वागणुकीशी आपला संबंध येतो तो नुसत्या ‘तत्त्वा’चा. पण त्या शब्दाचे रूढ प्रयोग पाहावेत : तत्त्वाचा प्रश्न आला, तत्त्वाला मुरड घातली, तत्त्वासाठी नोकरी सोडली. हा शब्द कसोटीच्या प्रसंगी उभा राहतो, रोजच्या दिवसात तो फारसा दिसत नाही. आणि ‘तत्त्वतः मान्य’ म्हटले की मान्यता मिळाली पण अंमल बाकी आहे, असेच आपण समजतो. जी गोष्ट रोज पाळायची, तिला असा शब्द पुरत नाही.

‘मूल्य’ शाळेतून आले आहे. मूल्यशिक्षणाच्या यादीत वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणापासून श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता आणि वैज्ञानिक दृष्टिकोनापर्यंत सगळे होते, आणि ती यादी चांगलीच होती. परंतु ती दुसऱ्या कोणी केलेली आणि सर्वांना सारखीच लागू होती. आपल्या भाचीची यादी तिची स्वतःची आहे.

प्रतिसाद (पंचवटी)

‘नियम’ हा शब्द इतक्या लवकर बाजूला ठेवू नये, असे मला वाटते, कारण तो आपल्या नाशिकात दगडावर कोरलेला आहे. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा जो प्राकृत लेख आहे, तो तिचा नातू पुळुमावी याच्या राजवटीच्या १९ व्या वर्षातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आहे. त्यात तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाचे वर्णन सविस्तर आहे, पण स्वतः बलश्रीची ओळख वेगळ्याच शब्दांत करून दिली आहे : सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, तप, दम, नियम आणि उपवास यांत तत्पर. इथे नियम म्हणजे वरून आलेला हुकूम नव्हे, तर माणसाने आपण होऊन स्वतःला घालून घेतलेले बंधन.

त्याच ‘नियमा’चे घरगुती रूप ‘नेम’ होय. गोदाकाठी आजही चातुर्मासात कोणी काही खाण्याचे सोडते, कोणी पहाटेच्या स्नानाचा नेम धरते. ‘नेम धरणे’ याचा दुसरा अर्थ लक्ष्यावर रोख धरणे असा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘शिस्त’ या फारसीतून आलेल्या शब्दाचेही तसेच आहे. आज तो वागण्याच्या वळणासाठी वापरला जातो, पण जुन्या मराठीत बंदुकीच्या नेमालाही शिस्त म्हणत. भाषेने दोनदा, दोन वेगवेगळ्या शब्दांत, बंधन आणि रोख एकत्र ठेवले आहेत.

शिवाय ‘वसा’ आहेच. ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ हे कहाणीतले वाक्य माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. व्रताला उद्यापन असते, ते ठरलेल्या मुदतीनंतर संपते. वसा मात्र टाकायचा नसतो, म्हणून आयुष्यभराच्या गोष्टीला तोच शब्द जास्त शोभेल.

प्रतिसाद (नाशिक रोड)

नेम आणि वसा यांविषयी वर आलेले विवेचन उत्तम आहे, तरीही दोन्ही शब्द विचारणेतल्या मजकुराला पुरेसे बसत नाहीत, असे मला वाटते. नेम बोलीत खाण्यापिण्यापुरता आणि पूजेपुरता आक्रसला आहे. ‘माझा खोटे न बोलण्याचा नेम आहे’ हे वाक्य चुकीचे नाही, पण कानाला खटकते. वसा सांगणारा कोणीतरी लागतो, कहाणीतसुद्धा तो दुसऱ्याकडून घेतला जातो. म्हणून समाजसेवेचा वसा, शिक्षणाचा वसा असे आपण म्हणतो, जिथे आधीच्या पिढीकडून काही हाती आलेले असते. आपल्या भाचीला हे कोणी दिलेले नाही. तिने ते स्वतःला तपासून काढले आहे.

मी ‘पथ्य’ हा शब्द सुचवतो.

आजारपणामुळे हा शब्द आंबट, तेलकट आणि वातूळ यांच्याशी जोडला गेला आहे हे खरे, पण वागणुकीसाठीही तो मराठीत उत्तम रुळलेला आहे. पत्रकाराने हे पथ्य पाळले पाहिजे. पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या वादात पडू नये एवढे पथ्य सांभाळावे. असे आपण सहज बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्यात औषधाचा वास येत नाही. व्युत्पत्ती तर याहून मोठी आहे. पाणिनीचे ‘धर्मपथ्यर्थन्यायादनपेते’ (४.४.९२) असे सूत्र आहे. धर्म, पथ, अर्थ आणि न्याय या चार शब्दांना एकच प्रत्यय लागून ‘त्यापासून न ढळलेले’ या अर्थाचे चार शब्द होतात : धर्म्य, पथ्य, अर्थ्य आणि न्याय्य. म्हणजे पथ्य हे धर्म्य आणि न्याय्य यांचे सख्खे भावंड असून त्याचा मूळ अर्थ ‘वाटेपासून न ढळलेले’ असा आहे.

मला याहूनही महत्त्वाची वाटते ती या शब्दातली स्वतःची ओळख. वैद्य पथ्य सांगतात ते प्रकृती पाहून; जे एकाला चालते ते दुसऱ्याला बाधते. आपला मोह कुठे आहे, आपला तोल कोणत्या प्रसंगी जातो, आपली जीभ कोणासमोर सैल सुटते, हे ज्याने नीट पाहिले आहे त्यालाच स्वतःचे पथ्य ठरवता येते. ज्याला राग येतच नाही त्याला उत्तर रात्रभर ठेवण्याची गरज नाही. ते बंधन आपल्या भाचीने घालून घेतले, याचा अर्थ तिने स्वतःचा राग ओळखला आहे. आणि पथ्य पाळणारा माणूस दुसऱ्याच्या ताटावर लक्ष ठेवत नाही. स्वतःची नीती ठरवणाऱ्या तरुण माणसाला पहिला धोका असतो तो इतरांना मोजत बसण्याचा, आणि या शब्दात त्या धोक्याला जागाच नाही.

प्रतिसाद (दिंडोरी)

‘पथ्य’ या शब्दाला माझे अनुमोदन आहे, कारण आमच्या घरात तो याच अर्थाने वापरला जातो. आमची द्राक्षबाग आहे. युरोपला जाणाऱ्या मालाचे नमुने रासायनिक अंशासाठी प्रयोगशाळेत तपासले जातात, त्यामुळे प्रत्येक औषधाच्या शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, हे निर्यातीसाठी बाग धरणारा प्रत्येक जण काटेकोरपणे सांभाळतो. आमच्या बागेतला स्थानिक बाजारासाठीचा माल घेणारा व्यापारी मात्र सौदा करायला येतो तेव्हा घड हातात धरून दोन मणी तोंडात टाकतो, गोडी पाहतो, घडाचा आकार पाहतो आणि भाव सांगतो. फवारणीची वही त्याने आजवर मागितलेली नाही. मण्यात पाणी उतरल्यावर भुरी (बुरशीचा रोग) दिसली की हात पंपाकडे जातो, आणि त्या दिवशी अडवणारे कोणीही नसते. थोरल्या काकांनी स्थानिक मालालाही निर्यातीइतकेच दिवस पाळायचे ठरवले, त्यापायी काही घड दरवर्षी काढून टाकावे लागतात. शेजारचे कारण विचारतात तेव्हा ते एवढेच म्हणतात, “आमचं ते पथ्य आहे.” त्यांनी कधी ‘तत्त्व’ म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि तत्त्व म्हटले असते तर शेजाऱ्यांना ते टोमण्यासारखे लागले असते.

प्रतिसाद (जुने नाशिक)

वरील दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, तरी एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. पथ्य प्रकृतीप्रमाणे बदलते हे जर त्या शब्दाचे बळ असेल, तर तीच त्याची मर्यादाही आहे. ‘पथ्यावर पडणे’ म्हणजे सोयीचे ठरणे, हा वाक्प्रचार आपण सर्व जण वापरतो, तेव्हा सोयीची छटा त्या शब्दाला चिकटलेली आहे हे मान्य करावे लागेल. मुख्य मुद्दा असा की भाचीच्या यादीतली चौथी गोष्ट पथ्य होऊच शकत नाही. जातीवरून होणाऱ्या अपमानासमोर गप्प न बसणे ही कोणाच्या प्रकृतीची बाब नव्हे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच गावात सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथे राहून नेटाने चालवला आणि तो काही वर्षे सुरू राहिला. दार उघडले नाही. त्या लढ्याला नाव होते ‘सत्याग्रह’. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत रूढ केलेल्या या शब्दात ‘आग्रह’ आहे, आणि आग्रह नेहमी दुसऱ्याला केला जातो. पंगतीत वाढणारा करतो तोही आग्रहच. स्वतःपुरते पथ्य पाळणारे सज्जन त्या वेळच्या नाशिकात पुष्कळ असतील. स्वतः कोणाला दुखवायचे नाही, एवढ्यावर ते थांबले असतील, तर त्यांच्या सज्जनपणाने बंद दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला काय मिळाले? म्हणून जो शब्द इतरांपर्यंत पोहोचत नाही, तो नीतीसाठी अपुरा आहे, असे मी म्हणेन.

प्रतिसाद (नाशिक रोड)

आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्यासाठी आपल्या परंपरेत आधारही आहे. पतंजलींनी योगसूत्रांत ‘यम’ आणि ‘नियम’ असे दोन वेगळे गट केले. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे नियम आहेत. ते माणसाचे स्वतःशी असलेले व्यवहार. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे यम असून त्यांत बहुतांशी दुसऱ्याशी होणारा व्यवहार येतो, आणि यमांविषयीच तिथे म्हटले आहे की जाती, देश, काळ आणि प्रसंग यांनी ते तोडले जात नाहीत, ते सार्वभौम महाव्रत आहे. बोलीतल्या मराठीने यातला ‘नियम’ नेमाच्या रूपाने घरात ठेवला आणि ‘यम’ रेड्यावर बसवून पाठवून दिला. आपण ज्या पोकळीकडे बोट दाखवत आहात ती इथली आहे, असे मला वाटते.

ती पोकळी भरणारा एक शब्द मात्र तुकोबांकडे आहे : ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’. आज आपण ‘ग्वाही देणे’ म्हणजे आश्वासन देणे असे समजतो, पण फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ साक्ष असा आहे. मन इथे न्यायाधीश नाही, साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला जे दिसले ते लोकांसमोर सांगावे लागते. ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा जड जोडशब्द जे सांगू पाहतो ते ‘ग्वाही’त अधिक धीटपणे आले आहे. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ या म्हणीत मन फक्त लाजते. तुकोबांच्या ओळीत ते बोलते. गप्प न बसण्याचा निश्चय त्या दुसऱ्या बाजूचा आहे.

तेव्हा आधीच्या सूचनेत मी अशी दुरुस्ती करतो की पहिल्या तीन गोष्टींना ‘पथ्य’ म्हणावे आणि चौथीला म्हणू नये.

विचारणाकर्त्याचा प्रतिसाद (गंगापूर रोड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी भाचीसमोर ही सगळी चर्चा वाचली. तिने शीर्षक विषयाप्रमाणे ठेवले आहे, कारण ते महाविद्यालयाने दिलेले आहे. आतला मजकूर मात्र दोन भागांत विभागला. पहिल्या भागाची सुरुवात आता ‘मी स्वतःसाठी काही पथ्ये ठरवली आहेत, ती मला माझे दोष माहीत झाल्यामुळे सुचली’ अशी आहे. उसनवारीच्या परिच्छेदात तिने स्वतःहून एक वाक्य वाढवले, की हे पथ्य घरात पैशांची ओढाताण पाहिल्यामुळे आले. चौथ्या गोष्टीसाठी तिने कोणतेही नाम वापरलेले नाही. ‘अशा वेळी मी बोलेन’ एवढेच लिहिले आहे, आणि मला ते योग्य वाटले.

एक लहान शंका उरते. तिने एका ठिकाणी ‘पथ्य घेतले’ असे लिहिले होते, ते मी ‘पथ्य धरले’ असे केले आहे. ते योग्य आहे का?

प्रतिसाद (पंचवटी)

योग्य आहे. पथ्य पाळतात, सांभाळतात, धरतात आणि मोडतात. घेतात तो वसा. ‘पथ्य करणे’ हाही प्रयोग शुद्ध आहे, पण त्यात आजारपण पटकन डोळ्यांसमोर येते, म्हणून या मजकुरात तो टाळावा. आणि ‘तत्त्व’ लिहिताना जोडाक्षरात दोन त आणि एक व, हे तिला एकदा दाखवून द्यावे, कारण शीर्षकात तो शब्द राहणारच आहे.