२० फुटी कंटेनरमध्ये भडंगाचे बॉक्स किती? माझे १०००, फॉरवर्डरचे ५६०!

भडंगवाली_सून
नमस्कार मंडळी. जयसिंगपूरला आमचा भडंगाचा छोटा कारखाना आहे. सासूबाईंनी एका कढईवर सुरू केला, हिशेबाची वही आता माझ्याकडे. माल आजवर पुण्यापलीकडे गेला नव्हता, आणि आता रॉटरडॅमच्या एका किराणा व्यापाऱ्याने थेट २० फुटी कंटेनर मागवलाय, तोही पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलायच्या पाटावर रचून.

बॉक्समध्ये २०० ग्रॅमची २४ पाकिटं. बाहेरून टेपने मोजला तर ४१ × ३१ × २६ सेंमी, भरून साडेपाच किलो. कंटेनर ३३ घनमीटर, बॉक्स ०.०३३, म्हणजे १००० बॉक्स. या आकड्यावर मी भाडं वाटून दरही कळवून बसले! आता फॉरवर्डर (माल जहाजाने पाठवायची व्यवस्था करणारा) म्हणतो ५६०. उरलेले ४४० गेले कुठे? नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "दाबून भर."

गोदी_२२वर्षं
ताई, बॉक्स म्हणजे पाणी नव्हे, घनमीटरला घनमीटरने भागून चालत नाही. एका थरात किती बसतात ते आधी कागदावर काढा.

पॅलेट १२० × १०० सेंमीचं धरतो. तुमच्या मापाचे त्यावर आठच बसतात, नववा काही केल्या बसत नाही. २० फुटीत अशी पॅलेट दहा, तीही काही आडवी, काही उभी लावून. दाराची उंची साधारण २२८ सेंमी. पॅलेटचे १५ गेले, आठ थरांचे २०८, झाले २२३. उरलेल्या पाच सेंमीत फोर्कलिफ्टवाला उचलणार कसा? म्हणून सात थर. ८ × ७ × १० = ५६०. फॉरवर्डर खोटं बोलत नाहीये.

पॅलेट नको म्हणालात तर जमिनीवर ७ × १४ आणि नऊ थर, ८८२ जातील. पण मग तिकडे एकेक बॉक्स हाताने उतरवायचा, आणि युरोपात हमाली काय पडते ते व्यापाऱ्यालाच विचारा. लाकडी पॅलेट घ्याल तर उष्णताप्रक्रियेचा शिक्का बघून घ्या, नाहीतर माल बंदरात अडकतो.

पुठ्ठा_इचलकरंजी
मी बॉक्स बनवतो, म्हणून माझं तुणतुणं वेगळं. ताई, तुम्ही ऑर्डर देताना ४० × ३० सांगितलं असणार, आणि ते आतलं माप. पाच प्लायचा (पाच पदरी) पुठ्ठा दोन्ही बाजूंनी मिळून एक सेंटीमीटर खातो. तेवढ्यानेच तुमचं गणित बिघडलं. बाहेरून ४० × ३० असता तर १२० × १०० वर बरोबर दहा बसतात: चार एका दिशेने, सहा दुसऱ्या.

पण भरलेला बॉक्स पोटात फुगतो, म्हणून ३९.५ × २९.५ करा आणि उंची २६ ची २८ घ्या. पोटातली जागा जवळपास तेवढीच राहते. सात थर अधिक पॅलेट म्हणजे २११, दारातून आरामात. ७०० बॉक्स!

आणि थर विटांसारखे सांधे मोडून रचू नका. बॉक्सचा जोर चार कोपऱ्यांत असतो. शक्य तिथे कोपऱ्यावर कोपरा ठेवा, वरचे दोन थर हवे तर उलटसुलट, मग पट्टी आणि फिल्म. पॅलेटच्या कडेबाहेर बोटभरही लटकू देऊ नका, खालचा थर बसलाच म्हणून समजा.

गोदी_२२वर्षं
पुठ्ठेवाले बरोबर. एक भर घालतो: ७०० बॉक्स म्हणजे चार टनसुद्धा नाही. तुम्ही हवेचं भाडं भरताय. ४० फुटी हायक्यूबचा (जास्त उंचीच्या कंटेनरचा) दरही मागवा, तो बहुधा दुप्पट नसतो. त्यात पॅलेट २०, दार २५८ चं, २८ च्या बॉक्सचे आठ थर, म्हणजे १६००.

भडंगवाली_सून
दोघांचेही आभार. १६०० बॉक्स भडंग परतायला कढईच नाही आमच्याकडे, त्यामुळे ४० फुटी राहू दे. नव्या मापाचा नमुना बॉक्स करून घेतला. २४ पाकिटं बसली, पण आडवी नाही, उभी लावून. हे सासूबाईंना सुचलं.

दर बदलून कळवला. व्यापारी चिडला नाही, उलट म्हणाला की त्याच्या रॅकसाठी पॅलेटसकट उंची १८० च्या आत हवी. हे आधी सांगायला काय झालं होतं! २८ चे पाचच थर बसतात. २७ चा केला तर सहा थर, १७७ सेंमी, ६०० बॉक्स. पुठ्ठेवाले दादा, एक सेंटीमीटर कमी केला तर उभी पाकिटं वरून दबतील का?