व्हीआयचे क्लोन: नुसती नक्कल की हक्काचं हत्यार?

बोटांची_सवय: परवा एक मित्र म्हणाला, "मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी एडिटरमध्ये केलं काय? दुसऱ्याची नक्कल!" मला हे अजिबात पटलं नाही. बिल जॉयने १९७६ मध्ये बर्कली विद्यापीठात व्हीआय या टेक्स्ट एडिटरचं काम सुरू केलं, पण व्हीआय उभा होता एटी अँड टी कंपनीच्या 'ईडी' या जुन्या एडिटरच्या कोडवर. त्या कंपनीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं लायसन्स नसेल तर सोर्स, म्हणजे मूळ कोड, मिळायचा नाही. म्हणजे सवय आपल्या बोटांत आणि मालकी दुसऱ्याची. मग त्याचे क्लोन, म्हणजे तसेच चालणारे पण नव्याने लिहिलेले एडिटर, आले: १९८७ मध्ये टिम थॉम्पसनने अटारी संगणकावर स्टीव्ही लिहिला, १९९० मध्ये स्टीव्ह कर्केंडॉलचा एल्विस आला, बीएसडी या बर्कलीच्या युनिक्ससाठी कीथ बॉस्टिकने एनव्हीआय केला. ही मंडळी नसती तर ती सवय कायम भाड्याचीच राहिली असती.

नवी_पाटी: दादा, मालकीचं ठीक आहे, पण नक्कल करताना अडचणीही जशाच्या तशा उचलल्या. जॉय वापरायचा त्या एडीएम-३ए टर्मिनलच्या कीबोर्डवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये कर्सर त्यांनीच हलतो; आणि व्हीआयमध्ये सतत लागणारी एस्केप होती आजच्या टॅबच्या जागी. आज ती कोपऱ्यात गेली, तरी आम्ही दिवसभर करंगळी ताणतोय. मी नव्या मुलांना शिकवते. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग व्हीआयमधून बाहेर कसं पडायचं इथेच अडतो. त्यांना मी सरळ नॅनो हा सोपा एडिटर देते.

बोटांची_सवय: ताई, नॅनोसुद्धा क्लोनच! पिको या एडिटरच्या लायसन्सची अडचण होती, म्हणून १९९९ मध्ये ख्रिस अ‍ॅलेग्रेटाने तो नव्याने लिहिला.

रात्रपाळी: मी जुन्या सर्व्हरवर मूळ व्हीआय वापरलाय. एका रात्री कॉन्फिग फाइलच्या चार ओळी चुकून उडाल्या, त्यानंतर आणखी एक बदल झाला. यू दाबलं, तो शेवटचा बदल मागे गेला. पुन्हा यू दाबलं, तर तोच बदल परत आला! मूळ व्हीआयमध्ये अनडू एकाच पायरीचा. त्या चार ओळी पहाटेपर्यंत आठवून आठवून लिहिल्या. विम या व्हीआयच्या क्लोनमध्ये हवं तितकं मागे जाता येतं. तो लिहिणाऱ्या ब्राम मूलेनारने सुरुवातीला विमला 'व्हीआय इमिटेशन' म्हटलं होतं, पुढे 'व्हीआय इम्प्रूव्ड' केलं. नाव बदलण्याइतकं काम त्याने खरोखर केलं होतं.

काना_मात्रा: आणि आपली भाषा? मी नोंदी मराठीत ठेवतो. माझ्या टर्मिनलवर विममध्ये 'क्षत्रिय' लिहिलं की कर्सर एकीकडे आणि अक्षर भलतीकडे. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरने २०२० मध्ये २७व्या आवृत्तीत अक्षरांची जुळणी करणारं हार्फबझ घेतलं, तिथे जोडाक्षरं नीट दिसतात. जुन्या कळा जपण्यात इतकी वर्षं घातली, त्यातली थोडी इकडे वळवायला हवी होती.

बोटांची_सवय: देवनागरीचं म्हणणं मान्य, मलाही ते खुपतं. पण विमचा सोर्स उघडा आहे, तो आपण दुरुस्त करू शकतो.

काना_मात्रा: मग करूया. 'क्षत्रिय'चा स्क्रीनशॉट आणि टर्मिनलची माहिती आज रात्री इथेच टाकतो. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारं कुणी आहे का सोबत?

रात्रपाळी: मी आहे.